औंदाचा बिबट्या

“कुनाला खरं वाटायचं न्हाई, पन औंदा म्या बिबट्या मारला. नुसत्या हातानं!”

सहादेवनं पुन्हा मांडी बदलली. रतनगडाखालच्या वाडीत त्याच्या ओट्यावर जमणाऱ्यांनी ही गोष्ट वर्षानुवर्षं ऐकलेली. बिबट्या दरवर्षी मरायचा आणि दरवर्षी ‘औंदा’च मरायचा. पोटापुरती नाचणी, कारवीच्या कुडाचं घर आणि लोकांची गुरं वळण्यात गेलेला जन्म; त्यात सहादेवचं स्वतःचं म्हणावं असं हे एकच जनावर.

पण हे त्र्याहत्तर साल होतं, आणि ओट्यावर जंगलखात्याचा नवा गार्ड गोरक्ष बसला होता. श्रीगोंद्याकडचा, उसात वाढलेला. त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

“औंदा म्हंजे ह्याच साली ना, बाबा?”

“मंग! वरच्या कुरनात. शेपूट धरलं अन् दिलं कड्यावरनं भिरकावून!”

“शिकारबंदीचा कायदा आलाय, ठावं हाय का? चला राजूरला, सायबापुढं.”

“आवं गार्डसायेब, त्याचं औंदा म्हंजी...” कोणीतरी हसत सुरुवात केली, पण गार्ड उभा राहिलासुद्धा.

सहादेवनं टोपी काढली, झटकली, परत घातली. ‘खोटं हाय’ एवढंच म्हणायचं, की सुटका. पण मग उद्यापासून या ओट्यावर बसायला येणार कोण? तो पायरी उतरला, परत चढला, पुन्हा उतरला.

“चला,” तो म्हणाला. “वाटंनं सांगतो, त्यो गुरगुरला कसा...”

“गुरगुरला म्हनं!” त्याची बायको बनुबाई राखेच्या हातांनी तशीच दारात आली. “सायेब, ह्यांनी ढेकून मारला न्हाई कंदी! बिबट्यानं शेरडी नेली तवा ह्ये हिरड्याच्या शेंड्यावर हुते. उतरवायला मलाच जावं लागलं. समदं खोटं हाय, खोटं!”

इतक्या वर्षांत हे कोणी मोठ्यानं म्हणालं नव्हतं. ओट्यावरची माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली. गार्ड हसला आणि परत खाली बसला.

सहादेव मात्र अंगणात उभाच राहिला, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा.