माळवदावरची माती

आमच्या अप्पांचा माणसांपेक्षा खांबांवर जास्त जीव होता. पोटची मुलगी असून म्हणते, कारण खरं आहे. किल्लारीच्या भूकंपात कमलनगरजवळच्या आमच्या गावातही जमीन हलली आणि घराची रस्त्याकडची भिंत अख्खीच्या अख्खी बाहेर कोसळली. दगड-मातीचीच ती, टिकणार किती? पण वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, लाकडी खांबांवर होतं, ते जागचं हललं नाही. आत झोपलेल्या आमच्यापैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून अप्पा खांबांना देव मानायचे. इष्टलिंगाची पूजाही मधल्या खांबाला टेकून करायचे.

देव भिजू नये म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. तसा तो सगळेच टाकतात, पण आधी जुनी माती खरवडतात. अप्पांना खरवडणं मंजूर नव्हतं. तुळया वाकल्या तरी त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

यंदा जमिनीतून गुरगुर सुरू झाली. गाव पत्र्याच्या शेडमध्ये निजायला लागलं, अप्पा मात्र हलेनात. भावाचा, सिद्धलिंगचा, फोन आला तशी मी औरादहून माहेरी आले, ती भांडायच्या तयारीनेच.

"अप्पा, बाहेर चला."

"कामून? त्या खांबानं तुला वाचिवलं, आन् तूच मला बाहेर चल म्हनायलीस व्हय?"

"तवा वर एवढी माती न्हवती. खांबानं तरी किती वझं घ्यावं?"

त्यांनी मान वर करून वाकलेल्या तुळयांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी न्हाई यायचो. माती काढायची तर काढ जा."

अप्पांनी माघार घेतली! मला आनंदाने रडूच आलं. मी, सिद्धलिंग आणि त्याची बायको पवित्रा कुदळी घेऊन वर चढलो. माती गुडघ्याच्या वर होती, थरावर थर. अप्पा शिडीवरून बघत होते. एका पिवळसर थराकडे बोट करून म्हणाले, "ही तुझ्या लग्नाच्या सालची. त्या वर्षी पांढरी गावलीच न्हवती." माझा हात क्षणभर थांबला, पण मी पुन्हा कुदळ मारली. संध्याकाळपर्यंत मधल्या खोलीवरची बरीच माती अंगणात आली.

पहाटे अवकाळी पाऊस पडला आणि माळवद गळलं. पाणी मधल्या खांबावरून ओघळत खाली आलं. अप्पा धोतराच्या सोग्याने खांब पुसत बसले. मी म्हटलं, आम्ही दोघं आत्ता जाऊन पत्रे आणतो, वर टाकू.

आम्ही भाऊबहीण कमलनगरहून पत्रे घेऊन परतलो, तर अंगणातला ढीग गायब. अप्पांनी गडी लावून सगळी माती परत वर चढवली होती, तीही पाणी प्यालेली. पवित्रा दारात रडत उभी होती. "मामांनी माझं ऐकलंच न्हाई ओ अक्का."

अप्पा आत पूजेला बसले होते, नेहमीच्या खांबाला टेकून. माझं डोकं फिरलं. दारातूनच ओरडले, "अप्पा, उठा आधी तिथून!" त्यांनी हात वर केला. थांब, पूजा होऊ दे.

तेवढ्यात जमीन हलली. फार नाही. शेजारच्यांच्या फळीवरची भांडीसुद्धा पडली नाहीत. मागच्या खेपेला भिंत गेली आणि माळवद राहिलं होतं. या खेपेला चारी भिंती उभ्या राहिल्या आणि माळवद खाली आलं. अप्पांचा देव मधोमध मोडला होता.

त्यांना बाहेर काढायला सगळी दुपार गेली. माझ्या लग्नाच्या सालची पिवळी माती त्यांच्या केसांत होती. मी ती बोटांनी काढत राहिले, निघेचना.

आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे शेतात खड्डा खणला. अप्पांना आत बसवलं. विभूती झाली, बेलाची पानं झाली आणि एकेक जण माती द्यायला लागला. सिद्धलिंगने माझा हात धरला. "अक्का, माती दे."

"मी न्हाई देनार," मी म्हणाले. "त्यांच्या अंगावर लई झाली."

मंत्र म्हणणारे स्वामी थांबले. सिद्धलिंगने मान खाली घातली. शेवटी माझ्या वाटची माती पवित्राने टाकली.