संत्र्याच्या बागेतला आगाऊ जांब

मी एक जुना जांब आहे, मित्रांनो. पुण्याकडे मला पेरू म्हणतात, म्हणोत बापडे. चांदूर रेल्वेजवळ, खुशालरावांच्या संत्र्याच्या बागेत, बांधाला लागून मी उभा. मला कुणी लावलं नाही. एका पोपटाच्या पोटातून मी बांधावर पडलो आणि उगवलो.

बागेत दोनशे संत्री, दोरी धरून लावलेली. मी वाकडा. खुशालरावांनी मला बुडापासून छाटलं, मी बुडातून तीन नवे फोक फेकले. पुन्हा छाटलं, पाच फेकले. तिसऱ्या वर्षी ते थकले, मी नाही.

"राहू द्या ना जी," त्यांची बायको गोदाबाई म्हणायची.

"संत्र्याच्या बागेत जांब? लोकं हासतीन मले!"

लोक हसले, पण माझ्यामुळे नाही. संत्र्याला बहार यावा म्हणून आधी पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं जरा मलूल झाली की पाणी सोडायचं, मग फुलं लागतात. एकोणसाठ साली खुशालरावांनी ठरवलं, शेजारच्या पंजाबरावांनी पाणी सोडल्याशिवाय आपण सोडायचं नाही. जो जास्त थांबेल त्याचा बहार मोठा! रोज सकाळी माझ्या आडून ते शेजारची विहीर बघायचे. मोट बंद.

"पंजाबराव दमानं घेऊन राह्यला. मंग मी काहून घाई करू?"

पानं गळली, फांद्या वाळल्या, कितीक झाडं मेली. मग कळलं, पंजाबराव पाय मोडून दोन महिने अकोल्यात, जठारपेठेत लेकीकडे पडून होते! त्यांचीही बाग गेली, पण त्यांच्याकडे निदान मोडका पाय होता. खुशालराव एकट्यानं शर्यत लावून हरले.

त्या हिवाळ्यात बागेत संत्रं औषधालाही नाही आणि मी लदलेला. गोदाबाई टोपलं घेऊन ठेसनावर जायची, गाडी थांबली की जांब संपायचे. घरातलं तेल-मीठ माझ्या जिवावर आलं. मेलेल्या संत्र्यांच्या जागी लावायला तिनं जांब, लिंबू, सीताफळ यांची रोपं केली.

तेवढ्यात पंजाबराव लंगडत बांधावर आले. "काय जांबवाले, राम राम!"

झालं. खुशालरावांनी कुऱ्हाड उचलली. "आज याची मुळंच तोडतो! रोपंही फेकतो!"

गोदाबाई मला पाठ लावून उभी राहिली. "तोडा ना जी. पण आंधी सांगा, बजारात काय नेता? वाळल्या काड्या?"

पंजाबराव खो-खो हसले. ती त्यांच्याकडे वळली. "हासता काय, भाऊजी? तुमची तं बाग बी गेली अन् पाय बी. देऊ का रोपं?"

पंजाबरावांचं हसू थांबलं. "लिंबाची हायेत का?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याले काहून?" खुशालराव ओरडले. "आपली रोपं आपल्याच बागेत लागतीन! एकही नाही देत!" कुऱ्हाड टाकून त्यांनी पहार घेतली. "सांग लवकर, खड्डा किती खोल पायजे?"

तर मित्रांनो, बांधावर कुणी न बोलावता उगवलं, तर लगेच हत्यार काढू नका. चार बादल्या पाणी घाला, एक फळ खाऊन बघा. मग तोडायची हिंमत होत असेल, तर या. मी इथंच आहे.