पाटाच्या उतारावरला तास

मला शुद्ध बोलता येतंय. फलटणला शिकले, साताऱ्याला फिजिक्स घिऊन बी.एस्सी. झाले. पर ही गोष्ट मी आमच्याच बोलीत सांगणार. कुणाला खटकत आसंल तर त्यानं कान झाकून घ्यावं.

साल सदुसष्ट. गावातल्या हायस्कुलाला इज्ञानाचा मास्तर मिळंना, म्हणून मी अर्ज टाकला. शाळंच्या कमिटीला ते खपंना. बुद्धवाड्यातली पोर, त्यात बाईमाणूस, आन् समद्या गावात इज्ञानाची पदवी हाय ती हिच्याच गळ्यात! तोंडावर न्हाई म्हणायची सोय न्हवती, म्हणून नानासोंनी शक्कल लढीवली. नानासो म्हंजे कमिटीचे चेअरमन हंबीररावांचे चुलतभाऊ. पेपर वाचायचा आन् पारावर शानपन पाजळायचं, ह्यो त्येंचा धंदा. म्हणाले, "नमुन्याचा तास घिऊ द्या तिला. धड्यातला न्हाई. अंतराळातलं कायतरी शिकीव म्हणावं. पोरांना कळलं तर नोकरी."

नोकरी मला पायजेच हुती. माझी आई बनाबाई लोकांच्या उसात खुरपून खुरपून मला शिकवत आलेली. आता तिचं गुडघं गेलं हुतं, तरी रोज सकाळी खुरपं घिऊन निघायची. मी कमावल्याबिगर ती घरी बसणार न्हवती.

तासाला मी पोरापोरींना वर्गातनं भाईर काढलं. शाळंच्या मागनं हंबीररावांचा पाट जायचा. कालव्याच्या पाण्याची पाळी आली हुती, उसाला पाणी चाललं हुतं, आन् त्येंचा गडी धोंडिराम फावड्यानं दारं धरत, पाणी सरीसरीत वळवत हुता. कमिटी बांधावर हुबी.

सपाटीला पाणी संथ हुतं. तितं मी खडा टाकला. लाटंचं गोल खाली गेलं, तसं वरल्या अंगाला बी गेलं. मग उतारावर टाकला. तितं पाणी उथळ आन् लय जोरात; समद्या लाटा खालीच वाहून गेल्या.

"बगितलं?" मी म्हणाले. "हितं मधी काय आडवं आलं तर त्येची खबर मागं जात न्हाई. सूर्यापास्नं आसंच एक वारं सुटतंय, इजंनं भारलेल्या कणांचं. त्येच्यातल्या लाटंपेक्षा ते सवताच जोरात पळतंय. त्येच्या वाटंत आपली पृथ्वी, भवतीनं चुंबकाचं कुंपण घिऊन. वाऱ्याला आदी पत्ताच न्हाई. मग काय व्हतंय?"

आन् चपला काढून, साडी जरा वर खोचून मी उतारावर पाटात हुबी ऱ्हायले.

माझ्या पायाच्या म्होरं पाणी फुगलं. कमानीवाणी एक लाट तयार झाली आन् जागची हलंना. पोरं गुडघ्यावर बसून बगाया लागली.

"आशीच लाट पृथ्वीच्या म्होरं, सूर्याच्या बाजूला हुबी हाय. दोन-तीन वर्सांमागं उपग्रहानं तिचा ठावठिकाणा काढला. जोरात आलेलं वारं तितं एकदम मंदावतंय, तापतंय, आन् मग वळसा घालून जातंय."

"आगं ए! आदी भाईर निघ!" नानासो कडाडले. "पाट बाटीवला हिनं! ह्याचं पाणी आमी पितो!"

हेडमास्तर लालासाहेब गुरुजी मधी पडले. माणूस वंगाळ न्हवता, पर कणा म्हणून न्हवता. "आवं नानासो, पाणी तिच्या पायाला लागायच्या आदीच वळतंय की! तिनंच आत्ता दावलं. शिवलंच न्हाई. व्हय का न्हाई गं, विजयमाला?" आन् मला डोळ्यानं खुणावलं, व्हय म्हण आन् मोकळी हो.

हंबीररावांना बी ते पटलं. "तसं आसंल तर मिटलं. म्हण पोरी, न्हाई शिवलं. हितंच ऑर्डर लिवतो."

आईचं गुडघं डोळ्याम्होरं आलं. एक 'व्हय' म्हणायचं, बास. पर माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"न्हाई गुरुजी. पयल्याच तासाला मी खोटं शिकवायची न्हाई. लाट म्हंजे भिंत न्हवं. वारं लाटंतनं आत येतंयच, फकस्त मंद हून. आन् हे पाणी माझ्या पायाला लागलंय. चांगलं घोट्यापत्तोर. शिवलंय!"

"बग आण्णा, बग हिची मिजास!" नानासो हंबीररावांकडं वळून थयथयाट कराया लागले.

"बाटलं आसंल तर तोडा की पाणी," मी हंबीररावांना म्हणाले. "हितनं खालचा समदा ऊस वाळू द्या. माझी आई त्यात खुरपती तवा त्यो बाटत न्हाई, व्हय? आज बाटलाय तर वाळू द्या!"

धोंडिरामानं फावडं उचललं. "मालक, तोडू का पाणी?"

ऐन उन्हाळा. पाळी हुकली की म्होरली कवा येतीया कुणाला ठावं. हंबीररावांनी उसाकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"पर आण्णा..." नानासो म्होरं सरले.

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं!"

"मग न्हाई बाटलं," मी म्हणाले. "लिवा ऑर्डर. तवर मी हितनं हालत नसती."

गुरुजींनी कागूद आणला. हंबीररावांनी गुरुजींच्या पाठीवर धरून सही केली, मान वर न करता. मी पाण्यातच हुबी.

"आता एकेकानं उतरा," मी वर्गाला म्हणाले. "नुसतं बगून काय कळतंय? लाट पायाला लागली पायजे."

पयली उतरली ती नानासोंची पोरगी.