साहेबांची पाठवणी

शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: प्रवासाला निघणाऱ्या माशाला आदल्या दिवसापासून दाणा बंद. लोकांना तो निर्दय वाटायचा, पण त्याचं म्हणणं सरळ होतं. पोट भरलं की मासा जास्त श्वास घेतो, वर पाणीही घाण करतो. बंद पिशवीतला ऑक्सिजन ही मोजकी शिदोरी. ती वाटेत संपली तर बिचाऱ्याने मागायची कुणाकडे?

त्या सकाळी प्रवासाला निघाले होते साहेब. साहेब म्हणजे त्याच्या लेकीचा गोल्डफिश. पोट सुटलेला, डोळे बटबटीत, काचेवर टिचकी मारली की पाठ फिरवणारा. लेक शाळेत होती तेव्हापासून तो घरात होता. आता तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि साहेबांना घेतल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, असं तिने बजावलं होतं. बापाने नुसती मान डोलावली. मग तो आपला पिशव्याच तपासत बसला.

त्याने पिशवीत थोडं पाणी घेतलं, साहेबांना सोडलं, वरची हवा दाबून काढली आणि सिलिंडरची नळी आत घातली. फुस्स करत पिशवी टम्म फुगली. रबर अडकवणार, तेवढ्यात साहेबांच्या मागे लोंबणारा विष्ठेचा लांबलचक दोरा त्याला दिसला. उपाशी माशाचं हे लक्षण नव्हे.

"ह्यांना खायला कुणी घातलं?"

बायको हात पुसत दारात उभी होती. "मी. चिमूटभरच."

"कधी?"

"काल संध्याकाळी. आणि मघाशी. अहो, एवढ्या लांब उपाशीपोटी पाठवायचं? माझ्याच्यानं राहवलं नाही."

"अगं, माझ्याशी इतकी वर्षं संसार केलास ना? भरल्या पोटी साहेब निम्म्या वाटेत तोंड वासून पडतील!"

लेकीचा चेहरा पडला. "बाबा, मोठ्या पिशवीत जास्त ऑक्सिजन भरला तर?"

एखाद्या गिऱ्हाइकाला तो 'बघा, निघेल कदाचित' म्हणालाही असता. पण हे साहेब होते. "नको. तू हो पुढे. रविवारी मी घेऊन येतो."

"आणि दुकान?"

"दुकान कुठे पळून जातंय?"

"मग मीही येते," बायको म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की ती चिमूट मुद्दामच घातली होती की काय, असा त्याला संशय आला.

लेकीची गाडी गेली आणि घर खायला उठलं. साहेब काचेआड फिरत होते, तेवढीच सोबत. शनिवारी मात्र मासेवाल्याने दाण्याचा डबा स्वतःच्या खिशात ठेवला आणि बायकोकडे रोखून पाहिलं. ती खुदकन हसली.

रविवारी साहेब ठणठणीत पोचले. लेकीची खोली एवढीशी होती. एक खिडकी, एक शेगडी, खुर्चीवर वाळत टाकलेले कपडे आणि खिडकीपाशी भरून ठेवलेली नवी टाकी. आईने आल्या आल्या शेगडीचा ताबा घेतला.

"साहेबांना पाण्यात सोडलं की निघतो," मासेवाला चपला न काढताच म्हणाला. "उद्या दुकान उघडायचंय."

त्याने पिशवी तशीच बंद, टाकीत तरंगत ठेवली. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी झाल्याशिवाय मासा सोडायचा नाही. अर्धा तास पुरे, त्याहून उशीर नको, असं तो गिऱ्हाइकांना दटावून सांगायचा. साहेब पिशवीतून नवी खोली न्याहाळत होते. मासेवालाही न्याहाळत होता. खिडकीतून वारा छान येत होता. लेक हसून आईला ऑफिसातल्या गमती सांगत होती. आठवडाभर अडकलेला श्वास त्याने तिथे मोकळा सोडला.

"बाबा, अर्धा तास कधीच झाला."

"होऊ दे गं. ऑक्सिजन भरपूर आहे अजून."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याच्या पायांतल्या चपला काढल्या, कोपऱ्यात नेऊन ठेवल्या आणि आईच्या नि आपल्या ताटाशेजारी तिसरं ताट मांडलं.