कुत्र्याचं पाकीट

माझी बायको मर्ल खात नव्हती. अर्धांगाचा झटका आल्यापासून सहा आठवडे ती इस्पितळात होती आणि एक-दोन घासांनंतर चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत पोटात पुरेसं काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. मी बरं म्हणालो. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणतो. तिची आई तसल्याच नळीवर गेली, आणि मला कधी नळी घालू देऊ नकोस असं मर्लनं मला बजावलं होतं. तेही आठवत होतं. पण रडू येत नव्हतं की रागही येत नव्हता. आमच्याकडे हिवाळा जुलैत येतो; त्या थंडीत गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोडताना हात बधिर होतात, तसा मी सगळाच झालो होतो.

तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'कुत्रा'. आधी वाटलं, मलाच म्हणतेय. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर तेवढा हक्क तिला होताच. मग वाटलं, तिला टिगची आठवण येत असेल, आमच्या गुरं वळणाऱ्या कुत्र्याची. नर्सबाईच्या हातापाया पडून त्याला आत नेलं. मर्लनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या हातातल्या डब्याकडे बघत परत म्हणाली, "कुत्रा."

डब्यात स्टू होता. तिच्या हातचा स्टू मी जन्मभर ओरपला, पण तो करतात कसा हे बघायला स्वयंपाकघरात कधी गेलो नाही. फ्रीझरमध्ये आमच्याच कळपातल्या बैलाचं मांस होतं. त्यातलं मागच्या पुठ्ठ्याचं उंची मांस काढलं, एक शीर नाही त्यात. चार तास शिजवलं तर भुशासारखं कोरडं झालं. मर्लनं घास चघळला आणि थुंकला. दुसऱ्या दिवशी पाठीचं नेलं, तेही थुंकलं.

शनिवारी क्लॅरी खाटीक ट्रक घेऊन आला; दर वर्षी आमचा बैल तोच कापून, पाकिटं करून देतो. यंदाचा बैल कधी कापायचा, ते त्याला ठरवायचं होतं. मी पायरीवर टिगच्या जेवणाचं फ्रीझरमधलं पाकीट सोडत होतो. माझ्या हातातलं पाकीट बघून तो थबकला.

"हे त्याला घालतोयस?"

"पाकिटावर 'कुत्रा' लिहिलंय की. नडगीचं आहे, नुसत्या शिरा."

क्लॅरी पायरीवर बसला. मग त्यानं सांगितलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ताट सरकवून म्हणालो होतो, नडगी कुत्र्यांना घालतात, माणसांना नाही. तेव्हापासून दर वर्षी मर्ल त्याच्या ट्रकपाशी जाऊन नडगीच्या पाकिटांवर 'कुत्रा' लिहून घ्यायची, म्हणजे मी ती उघडणार नाही.

"तू बोटं चाटून खायचास तो स्टू याचाच, बाबा," क्लॅरी म्हणाला. "त्या शिरा विरघळतात, त्यानंच रस्सा दाट होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा."

सहा आठवडे मी टिगला तेच घालत होतो. हातातलं पाकीट शेवटचं होतं.

रविवारी सकाळपासून ते मंद आचेवर ठेवलं, कांदा आणि गाजर घालून. संध्याकाळी बारीक कुस्करून नेलं. झाकण उघडल्यावर मर्लनं नाक उचललं. मग तोंड उघडलं. अख्खी वाटी संपवली तिनं. नर्सबाई म्हणाल्या, असं खात राहिल्या तर नळी नको. खाऊन झाल्यावर मर्लनं चांगल्या हाताचं बोट डब्यावर ठेवलं.

"कुत्रा."

मग तेच बोट सावकाश उचलून माझ्या छातीवर टेकवलं.

"कुत्रा."

"हो गं," मी म्हणालो. मला लाज वाटली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा काही वाटलं, ते हे.

इस्पितळाच्या दारातूनच क्लॅरीला फोन केला. म्हटलं, बैल उद्याच काप, आणि चारही नडग्या मला दे. पाकिटांवर आता काय लिहू, त्यानं विचारलं.

"कुत्रा," मी म्हणालो. "तिनं सांगितलंय तेच."