सात नंबरचा शिक्का

दुर्बीणबाईंना यातून मिळणार काय होतं, ते आधी मांडू. मिळणार होती एक खोली. लाकडी दाराची, आतून कडी लागणारी. दारावर 'विभागप्रमुख' अशी पाटी, आत पाठ टेकता येईल अशी खुर्ची, आणि खोलीला लागूनच स्वतःचं स्वच्छतागृह. बावीस वर्षं उघड्या हॉलमध्ये सगळ्यांच्या नजरेसमोर काम केलेल्या बाईला कडीचं मोल कळतं. त्यातून गेलं वर्षभर बाईंची पाळी लहरी झाली होती. कधी दीड महिना पत्ता नाही, कधी पंधराव्या दिवशी दारात हजर, आणि आली की नुसता पूर. हॉलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या स्वच्छतागृहापर्यंत पंचावन्न पावलं होती. बाईंनी ती मोजली होती.

बदल्यात द्यायचं काय? तसं पाहिलं तर काहीच नाही. तीन महिने काही घडू द्यायचं नाही, एवढंच.

कारखाना चष्म्याच्या काचांचा. घासकाम पुरुषांकडे, तपासणी चौदा बायकांकडे. काच दिव्यासमोर धरायची, चरा दिसतो का पाहायचं, यंत्रावर नंबर ताडून पाहायचा आणि जोडी कागदी पाकिटात घालायची. उजवी काच उजव्या कप्प्यात, डावी डाव्या. मग पाकिटावर आपल्या क्रमांकाचा शिक्का. दुकानदार पाकिटावर भरवसा ठेवून काचा चौकटीत बसवतात. या चौदाजणींच्या प्रमुख म्हणजे आपल्या बाई. केसाएवढा चरा त्यांना हातभर लांबून दिसे, म्हणून नाव पडलं दुर्बीण. दुर्बिणीला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही, हे नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या वर्षी मुख्य कचेरीनं नियम काढला. पाळीच्या दिवसांत बायकांना महिन्याला एक दिवस भरपगारी रजा, तूर्त तीन महिन्यांसाठी. कारखान्याच्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. नियम उत्तमच आहे, असं ते दोनदा म्हणाले. मग म्हणाले की ही रजा कुणी घेतलीच नाही, तर तिची गरज नव्हती असं वर कळवता येईल. जाता जाता त्यांनी रिकाम्या खोलीचं दार उघडून दाखवलं. कडी आत नीट बसते का, हे बाईंनी स्वतः पाहिलं.

बाईंनी कुणालाही मनाई केली नाही. तेवढ्या त्या खुळ्या नव्हत्या. त्यांनी फक्त एक वही ठेवली. नाव, तारीख, सही. वही ठेवली ती पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी, दोरीनं बांधून, उघडी. घासकामाचे तीस पुरुष दिवसातून चार वेळा तिथे पाणी प्यायला येत. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

पहिल्या महिन्यात एकच सही पडली. ती केली चिमणीनं. ही तपासणीतली सगळ्यांत नवी मुलगी, अंगानं एवढीशी, अजून नोकरीत कायम न झालेली. रजेनंतर ती कामावर आली, तेव्हा घासकामातला एक विनोदवीर ग्लास भरता भरता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढच्या महिन्यातही अकरा तारीख का हो ताई? सांगून ठेवा, आम्ही त्या दिवशी जपून बोलू."

हसण्याची लाट हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. चिमणीनं मान खाली घातली ती कित्येक दिवस वर केली नाही. बाईंनी विनोदवीराकडे डोळे वटारले. वही मात्र तिथेच राहिली. पुढची पानं कोरी ती कोरीच.

वही कोरी राहिली खरी, पण बाईंना चैन पडेना. खुर्चीवर बसलं की पाय हलायचा. उठलं की उगाच पाण्याच्या यंत्रापर्यंत फेरी व्हायची, पान पाहिलं जायचं. जेवणाच्या सुट्टीत पाकिटं बांधणाऱ्या मावशींनी त्यांना हाताला धरून बसवलं. मावशी वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत थोरल्या, बाईंना काच धरायला शिकवणाऱ्या. त्यांनी सरळ विचारलं, ती वही तिथे कशाला?

बाईंनी बाजू मांडली. नियम सगळ्यांना सारखा, वही सगळ्यांना सारखी, आपण कुणाला अडवलेलं नाही.

"अडवलं नाहीस गं. दार उघडं ठेवलंस आणि उंबऱ्यावर काटे पसरलेस. जुलाब झाले म्हणून रजा घेतो, तेव्हा पाण्याच्या मशीनपाशी लिहून ठेवतो का कुणी?"

"आपण सोसून काढलंच ना, मावशी? बावीस वर्षांत मी एक दिवस घेतला नाही."

"काढलंस. मी शेजारीच बसायचे. महिन्यातून दोन दिवस तू टेबलाखाली पाय आवळायचीस आणि माझ्यावर खेकसायचीस. काय काढलं ते मला विचार."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मग त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. आज रजा मागितली, तर उद्या बायकांना कामावरच घेणार नाहीत. यात तथ्य नव्हतं असं नाही. मावशींनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "बरं. मग आजवर गिळलं त्याबद्दल किती जणींना खोली मिळाली, ते मोज. तुझी धरून मोज."

खोलीचं मावशींना कसं कळलं, हे विचारायचं बाईंना धाडस झालं नाही.

पुढच्या महिन्याची अकरा तारीख आली. चिमणी कामावर हजर. दोनदा उलटी करून आली, भिंतीला धरत जागेवर बसली आणि काच दिव्यासमोर धरू लागली. तिला घरी जा म्हणावं, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच दिवशी बाईंच्या स्वतःच्या कमरेत करवत चालू होती. दोन गोळ्या पोटात होत्या आणि पंचावन्न पावलांची वारी सकाळपासून सहा वेळा झाली होती. कुणी कमी पडलं की बाई स्वतः तपासायला बसत. ती त्यांची जुनी सवय, त्यांचा अभिमान. चिमणीच्या पुढ्यातली निम्मी काचांची थाळी त्यांनी आपल्याकडे ओढली आणि संध्याकाळपर्यंत संपवली.

तीन आठवड्यांनी एक खोकं परत आलं. बेचाळीस पाकिटं, सगळी त्याच अकरा तारखेची. काचांत दोष नव्हता, नंबरही बरोबर. फक्त उजवी काच डाव्या कप्प्यात आणि डावी उजव्या. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असले म्हणजे काय होतं, ते सोबतच्या चिठ्ठ्यांत होतं. कुणाचं डोकं आठवडाभर ठणकत होतं. एका ड्रायव्हरनं भर रस्त्यात गाडी कडेला घेतली होती. एक आजोबा जिन्याची शेवटची पायरी चुकून पडले होते, गुडघा फुटला होता.

साहेबांनी खोकं उघडलंही नाही. त्या दिवशी ती नवी मुलगी आजारी होती ना, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, उद्यापासून तिला येऊ नको म्हणून सांगा. आणि असंही म्हणाले की बघा, या दिवसांत बायकांचा काही भरवसा नसतो, हे आता वर कळवायला बरं. चिमणी दाराबाहेर उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

बाईंनी खोकं मावशींच्या टेबलावर नेलं. पहिलं पाकीट उलटलं. दुसरं. दहावं. घाईघाईनं सगळी उलटली. चिमणीचा शिक्का तेरा नंबरचा. इथे प्रत्येक पाकिटावर सात होता.

सात नंबर दुर्बीणबाईंचा.

मावशींनी तो पाहिला. आपली पाकिटं बांधत राहिल्या. त्या दोघींखेरीज खोकं कुणी उघडलं नव्हतं. माळ्यावर टाकलं असतं, तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. मुलगी गेली असती, खोली आली असती. बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मग पाण्याच्या यंत्रापाशी गेल्या आणि दोरी सोडायला लागल्या. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी तोडली.

वही आणि खोकं साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "शिक्का माझा आहे. चुकले ती मी. त्या दिवशी मला पाळी होती, आणि मी रजा घेतली नाही."

साहेब चपापले. बाई, हे असं बोलायची गरज नाही, असं पुटपुटले.

"आहे. तुम्ही वर लिहा, रजा घेतली त्या दिवशी कुणी चुकलं नाही. नाही घेतली, त्या दिवशी बेचाळीस जोड्या उलट्या गेल्या. आणि वही कोरी का राहिली, तेही लिहा. ती कुठे ठेवायची हे मी ठरवलं होतं. तुम्ही लिहिणार नसाल, तर मी लिहिते."

त्यांनी तिथेच बसून लिहिलं. खाली सही केली, आणि सवयीनं शिक्काही मारला.

चिमणी कामावर राहिली. नियमाला आणखी सहा महिने मिळाले. वही गेली. आता साध्या रजेच्याच अर्जावर 'रजा' एवढंच लिहायचं, आणि तो अर्ज बाईंच्या ड्रॉवरमध्ये. पहिला अर्ज बाईंचा स्वतःचा होता.

वाचकहो, तुमच्या कचेरीतही अशी एखादी वही असेल. दोरीनं बांधलेली, उघडी आणि कोरी. कोरं पान पाहून कुणाला दुखत नाही असं समजू नका. दुखणं गिळलं म्हणून संपत नाही, ते दुसऱ्याच्या नावावर चढतं. ज्या घरात आणि ज्या कारखान्यात बाईला लाज न वाटता एक दिवस मागता येत नाही, तिथला कायदा कागदावरच राहतो.

आता राहिला हिशेब. वाचला किती? एक दिवस. तो भरला कुणी? बेचाळीस अनोळखी डोक्यांनी, एका आजोबांच्या गुडघ्यानं, चिमणीच्या खाली गेलेल्या मानेनं. दुर्बीणबाईंनी एक खोली भरली. त्या अजूनही पंचावन्न पावलं चालतात. खोलीत सध्या घासकामाचे प्रमुख बसतात आणि दार सताड उघडं ठेवतात, कारण त्यांना कडीची गरज पडत नाही. साहेबांनी काही भरलं नाही. हिशेबात असा एक माणूस नेहमी निघतो.