अव्वासाठी समुद्र

शिवपुत्रने नकाशा व्हॅनच्या बॉनेटवर पसरला आणि कासीमचा हात पोचणार नाही एवढा आपल्याकडे ओढून घेतला.

"अव्वा, ह्याला विचार," तो म्हणाला. "मालवण का गणपतीपुळं? दोनच नावं हायेत. एक सांग म्हणावं, आणि वाटेला लाग म्हणावं."

कासीम त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याचे कान चांगले शाबूत होते. तरीही तो शिवपुत्रच्या आईकडे, सावित्रम्माकडे वळला आणि तिनं सगळं पुन्हा सांगेपर्यंत गप्प राहिला. चार वर्षांपूर्वी ह्याच भवानी पेठेत, ह्याच दारासमोर, चार माणसांत शिवपुत्रने त्याला पेट्रोलचोर म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांत एक शब्द झालेला नव्हता. आजही तो होऊ द्यायचा नाही, एवढ्यापुरतं मात्र दोघांचं अगदी एकमत दिसत होतं.

सावित्रम्मा व्हॅनच्या पायरीवर बसली होती. सत्तरी उलटून गेली तरी तिनं समुद्र पाहिला नव्हता. मुलाला बापाच्या वेळची चादरींची गाडी आता धंद्याला नको होती. दोन वर्षांपूर्वी टेंभुर्णीच्या नाक्यावर त्यानं गोऱ्या लोकांची एक बस पाहिली. आत गाद्या, स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले कपडे. घरासकट फिरणारी माणसं! तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. जिथं चादरींचे गठ्ठे रचले जायचे तिथं त्यानं दोन फळ्या ठोकल्या, कोपऱ्यात स्टोव्ह बसवला, पाण्याचं पिंप बांधलं. सुनेनं, दाक्षायणीनं, खिडक्यांना पडदे शिवले. सगळं तयार झालं आणि म्हातारी अडून बसली.

"नऊ वर्षं गाडी कासीमनं हाकली," ती म्हणाली होती. "कोकणातलं रस्ते त्याला ठावं. तो सांगंल त्या गावाला मी येनार. न्हायतर तुमी दोघं जावा."

शिवपुत्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आईपुढं त्याचं काही चाललं नाही. आणि निरोप आला म्हणून कासीमही आला. जाऊ नका, असं चांदबीनं त्याला दोनदा बजावलं होतं. तिला वाटलं, नवरा अपमान करून घ्यायला चाललाय. तिला खरं कारण माहीत नव्हतं. आता तो कामाला होता त्या लाकडाच्या वखारीतून निघाल्यापासून इथवर येईपर्यंत कासीमनं उत्तर ठरवून टाकलं होतं.

"मालवण सांगा त्यांना," तो म्हणाला.

"घाट हाय की रं वाटंत?" सावित्रम्मानं विचारलं.

"घाट सगळीकडंच हाय, अव्वा. कोकणात उतरायचं म्हनल्यावर घाट येनारच. ह्यो फोंड्याचा घाट. बारका हाय. नवा मानूस बी हसत उतरतो."

घाट बारका नव्हता. चादरी घेऊन कासीम तो कितीतरी वेळा उतरला होता आणि प्रत्येक वेळी खाली पोचल्यावर त्यानं गाडीच्या टपावर हात ठेवून देवाचे आभार मानले होते. शिवपुत्रनं आयुष्यात सोलापूरच्या आसपासचे सपाट रस्ते सोडून काही पाहिलं नव्हतं. पहिल्या वळणाला त्याला घाम फुटेल, दुसऱ्या वळणाला तो गाडी कडेला लावेल, आणि कोणाच्या तरी हातापाया पडून ती परत वर आणून, तोंड लपवत सोलापूरला येईल. पेठ हसेल. कासीमला तेवढं पुरणार होतं. चार वर्षं पेठ त्याला हसली होती.

शिवपुत्रनं पेन्सिलीनं मालवणभोवती गोल काढला.

"झालं?" तो आईला म्हणाला. "एवढ्यासाठी ह्याला दारात उभं केलंस. जा म्हणावं आता. आणि गाडीला हात लावू नको म्हणावं."

कासीमचा हात खरोखरच दारावर होता. आतल्या फळ्यांकडं बघता बघता तो कधी तिथं गेला त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. त्यानं तो काढून घेतला. नऊ वर्षं रोज पुसलेलं दार होतं ते.

"गाडीचा रंग उडू दिलाय म्हणून सांगा त्यांना," तो म्हणाला.

"रंग उडाला तरी चालंल, टाकी भरलेली ऱ्हाती म्हणून सांग!"

"पुरे की रं आता," सावित्रम्मा कळवळून म्हणाली. दोघांच्या मधे बसून तिची मान अवघडली होती. काहीतरी गोड बोलावं म्हणून ती कासीमकडं वळली. "तू काळजी करू नको, बाबा. शिवा लई जपून चालवतो. उतार आला की इंजनच बंद करतो बघ. आवाज न्हाय, धूर न्हाय. पाळण्यात बसल्यावानी वाटतं मला."

"अव्वा, गप बस," शिवपुत्र म्हणाला.

"का गप बसू? चांगलंच सांगतीया की."

"इंजन बंद करतो?" कासीमनं हळूच विचारलं. "कवापासनं?"

"पहिल्यापासनं. तू शिकवलंस आणि पहिल्यांदा तो एकटा टेंभुर्णीला गेला, मला घेऊन, तवापासनं. पेट्रोल वाचतंय म्हनतो."

टेंभुर्णीच्या त्या फेरीनंच तर सगळं झालं होतं. कासीम गेला की टाकी कोरडी पडायची. शिवपुत्र त्याच वाटेनं जाऊन आला आणि टाकीत पेट्रोल शिल्लक राहिलं. मग उरलेलं रोज कुठं विकतोस, सांग! कासीमनं पोरांच्या शपथा घेतल्या होत्या. गाडीत बिघाड असेल म्हणून सांगितलं, रस्ता सांगितला, ओझं सांगितलं. कोणी ऐकलं नाही. पुढं कोणी त्याच्या हातात गाडी दिली नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे एकदा चांदबीनं भाकरी थापता थापता, त्याच्याकडं न बघता विचारलं होतं, "माझ्यापाशी तरी खरं सांगा." त्यानंतर त्यालाही कधीकधी वाटायचं, आपल्याच हातून काही चुकत होतं की काय.

आणि हा माणूस इंजिन बंद करून उतारावरून गाडी सोडत होता! शिकवताना कासीमनं त्याला हजारदा सांगितलं होतं, उतारावर गाडी गिअरमधून काढायची नाही म्हणून.

समोर शिंप्याचं दुकान उघडं होतं. पलीकडं चहाच्या गाड्यावर पाचसहा माणसं होती. तेव्हाचीच, त्यातली निम्मी तरी. एक आरोळी ठोकली असती तर सगळी गोळा झाली असती. कासीमच्या छातीत ती आरोळी येऊन बसली होती. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याची नजर नकाशावरच्या पेन्सिलीच्या गोलावर गेली.

इंजिन बंद. फोंडा घाट. गाडीचा सगळा भार ब्रेकवर. आधी ब्रेकचा जळका वास येतो. मग पाय नुसताच खाली जातो, कशालाही न लागता. आणि आत फळीवर, स्टोव्हच्या शेजारी ही म्हातारी बसलेली असेल.

"अव्वा," तो म्हणाला. "मालवण नको."

"आता का?"

"घाट बारका न्हाय. लई वाईट हाय. मी मुद्दाम सांगितलं."

शिवपुत्रनं पेन्सिल बॉनेटवर आपटली. "ऐकलंस? ऐकलंस, अव्वा? स्वतःच्या तोंडानं सांगतोय! मारायला निघाला होता आपल्याला! मी काय म्हणत होतो चार वर्षं?"

शिंप्यानं मशीन थांबवलं. चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"मारायला न्हाय. घाबरवायला," कासीम म्हणाला. त्यानं आवाज खाली आणला नाही. "इंजन बंद करत्यात हे मला ठावं नव्हतं. पण व्हय, लबाडी केली. ही लबाडी माझी हाय. ही एकच."

सावित्रम्मा त्याच्याकडं बघत राहिली. तिला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही. "तुझ्यावर इस्वास टाकला मी, कासीम."

"व्हय, अव्वा."

"मग आता खरं सांग. कुठला समुद्र? का मी असंच मरू?"

कासीमनं शिवपुत्रकडं न बघता नकाशावर बोट ठेवलं. ह्या वेळी नकाशा कोणी मागं ओढला नाही. बोट सोलापूरवरून निघालं, पण पश्चिमेला वळलं नाही. ते उजवीकडं गेलं आणि दोन इंचांत नकाशा संपला. महाराष्ट्राचाच नकाशा होता तो. बोट तसंच पुढं बॉनेटच्या पत्र्यावर गेलं.

"समुद्र काय कोकणातच असतो व्हय? हितं हैदराबाद. हितं विजयवाडा. आणि हितं," बोट पत्र्याच्या पार कडेला, दिव्यापाशी थांबलं, "मच्छलीपट्टण. पद्मशाली विणकरांचा माल घेऊन गेलतो मी. लांब हाय, जवळजवळ दुप्पट. पर वाटंत असला घाट न्हाय. पानी उथळ हाय. लांबवर चालत गेलं तरी गुडघ्याइतकंच. वाळू काळी हाय, आपल्या रानातल्या मातीवानी. पायाला वळख लागंल तुमच्या. लोक तेलुगू बोलत्यात, ते तुमाला आपल्या पेठंत बी ऐकू येतंय. पहिल्या खेपंला तितंच जावा."

"दुप्पट लांब!" शिवपुत्र आकाशाला सांगितल्यासारखं म्हणाला.

"तीन दिस लागू द्यात," कासीम सावित्रम्मालाच म्हणाला. "आणि त्यांना सांगा, बारका उतार असला तरी गाडी गिअरमधीच ठेवायची. इंजन चालू. पेट्रोल जास्त जाईल. जायचं तेवढं जातंच."

सावित्रम्मानं निरोप सांगण्यासाठी मुलाकडं तोंड वळवलं. पण शिवपुत्रनं तो ऐकला होता. आईकडं न बघता तो सरळ कासीमच्या तोंडाकडं बघत होता. त्याच्या कपाळावरची शीर अजून ताठ होती.

"किती जास्त?" त्यानं विचारलं.

चार वर्षांत पहिल्यांदाच कासीमनं त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"माझ्या हातनं जायचं तेवढं."

शिंप्याचं मशीन अजून बंदच होतं. शिवपुत्रनं नकाशाची घडी घालायला घेतली, ती चुकली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली. शेवटी त्यानं आईकडं पाहिलं.

"अव्वा, ह्याला सांग—"

"मी न्हाय सांगनार," सावित्रम्मा म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून ती पायरीवरून उठली. "ह्ये तुझं तू सांग. हितं, रस्त्यावरच, चार माणसांत सांग."

आणि ती मागं न बघता घरात निघून गेली.